सर्व्हर मोठा घेऊन निकालाची गर्दी आवरत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी संकेतस्थळ उघडेनासे झाले, की पाठोपाठ येणारा खुलासा आता वाचकांना पाठ झाला असेल: एकाच वेळी प्रचंड भार आला, पुढच्या वर्षी सर्व्हरची क्षमता वाढवू. आम्ही काही जण संकेतस्थळांच्या देखभालीचेच काम करतो. आमच्या मते क्षमता वाढवणे हा या दुखण्यावरचा इलाज नाही. भार मूळ सर्व्हरपर्यंत पोहोचूच द्यायचा नसतो. त्यासाठीची सोय जगात १९९८ पासून आहे. एमआयटीतले टॉम लेटन आणि डॅनी लेविन यांनी त्या वर्षी अकामाई ही कंपनी काढली, तेव्हापासून कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क, म्हणजे सीडीएन, हा धंदा उभा आहे. आपल्याकडे ती एक तर घेतली जात नाही, किंवा घेऊन अर्धवट लावली जाते. अर्धवट लावलेली सीडीएन कधीकधी नसलेल्यापेक्षा वाईट. पत्र लांबले आहे, पण विषय तपशिलाचा आहे.

आधी हिशेब. दहावीला साधारण पंधरा-सोळा लाख मुले बसतात. निकाल दुपारी १ वाजता. समजा पहिल्या दहा मिनिटांत १० लाख मोबाइलवर ते पान उघडले. एक पान उघडणे म्हणजे सर्व्हरकडे एकच मागणी जाणे नव्हे. बोधचिन्ह, मान्यवरांचे फोटो, स्टाइलशीट, चार-पाच स्क्रिप्ट, फॉन्ट, वर सरकणारी सूचना असे सगळे मिळून ३० फाइली सहज होतात. १० लाख गुणिले ३० म्हणजे ३ कोटी मागण्या, त्या ६०० सेकंदांत. सेकंदाला ५० हजार. यात आसन क्रमांक टाकून गुण विचारण्याच्या मागण्या किती? सेकंदाला सुमारे १,६७०. उरलेल्या ४८ हजारांवर मागण्या त्याच त्या बोधचिन्हाच्या आणि त्याच त्या फोटोंच्या. त्यांच्या रांगेत खऱ्या मागण्या अडकतात. पान अर्धवट दिसले की माणूस रिफ्रेश करतो, म्हणजे संथपणाच भार वाढवत नेतो. अशा वेळी दुप्पट सर्व्हर लावले तरी मिनिटभरच तग धरतो.

सीडीएनचे काम समजायला सोपे आहे. सगळ्यांनी धान्यासाठी मुख्य गोदामावर न जाता आपापल्या रेशन दुकानात जावे, तशी ही व्यवस्था. मुंबई, चेन्नई, दिल्ली अशा ठिकाणच्या सर्व्हरवर फाइलींच्या प्रती ठेवलेल्या असतात आणि वाचकाला जवळच्या ठिकाणाहून प्रत मिळते. मूळ सर्व्हरकडे विचारणा होते ती प्रत नसेल किंवा तिची मुदत संपली असेल तेव्हाच.

पण इथेच पहिला गैरसमज होतो. नेमसर्व्हर (डोमेनचा पत्ता सांगणारे सर्व्हर) बदलले, सीडीएनचे खाते उघडले, म्हणजे काम झाले असे समजले जाते. क्लाउडफ्लेअरसारखी सीडीएन सेवा आपण काही न सांगता फक्त चित्रे, स्टाइलशीट, स्क्रिप्ट अशा ठरावीक फाइली साठवते. एचटीएमएल, म्हणजे मजकुराचे मूळ पान, साठवत नाही, ते दर वेळी मूळ सर्व्हरकडूनच आणते. उत्तराच्या हेडरमध्ये, म्हणजे पानाबरोबर येणाऱ्या न दिसणाऱ्या माहितीत, ‘सीएफ-कॅश-स्टेटस’ पाहावे. तिथे ‘हिट’ असेल तर प्रत साठ्यातून आली. ‘डायनॅमिक’ असेल तर ते पान साठवण्याजोगे धरलेलेच नाही. मुखपृष्ठावर ‘डायनॅमिक’ दिसणारी कितीतरी संकेतस्थळे आपण सीडीएनवर असल्याचे अभिमानाने सांगत असतात.

पान किती वेळ साठवायचे हे कॅश-कंट्रोल या हेडरने ठरते. त्यातल्या दोन मुदती नीट वेगळ्या ठेवाव्या लागतात. ‘मॅक्स-एज’ ही वाचकाच्या ब्राउझरसाठी, ‘एस-मॅक्सएज’ ही सीडीएनसाठी. सीडीएनवरची प्रत आपण हवी तेव्हा पुसू शकतो. वाचकाच्या मोबाइलमधली पुसता येत नाही. निकालाच्या दिवशी पावणेएकपासून लोक पान उघडून बसतात. ‘निकाल १ वाजता उपलब्ध होईल’ या पानाला कुणी मॅक्स-एज एक तासाची दिली असेल, तर एक वाजून गेला तरी त्यांना तेच वाक्य दिसत राहते आणि फोन सुरू होतात. अशा पानाला मॅक्स-एज शून्य आणि एस-मॅक्सएज १० सेकंद द्यावी. दहा सेकंद ऐकायला क्षुल्लक वाटतात. पण सेकंदाला ५ हजार जण ते पान मागत असतील, तर ५० हजार मागण्यांमागे मूळ सर्व्हरकडे सीडीएनच्या प्रत्येक ठिकाणाहून एक, अशा मोजक्याच जातात. त्याही कमी करायच्या तर मधला एक साठा नेमायचा. सगळी ठिकाणे आधी त्याला विचारतात आणि तो एकटाच मूळ सर्व्हरकडे जातो. प्रतीची मुदत संपली त्या क्षणी एकदम हजार मागण्या आल्या, तर एकच पुढे पाठवून बाकीच्या थांबवून ठेवण्याची सोयही बहुतेक सेवांत असते. ती चालू आहे का, हे विचारून घ्यावे.

‘सापडले नाही’ या उत्तराचेही असेच. काही सेवा ४०४ हे उत्तरसुद्धा काही मिनिटे धरून ठेवतात. १ वाजायच्या आत कुणी पत्ता अंदाजाने टाकून पाहिला असेल, तर फाइल आल्यानंतरही त्या ठिकाणाहून ‘सापडले नाही’ असेच मिळत राहते. निकाल जाहीर करण्याच्या क्रमात साठा पुसणे ही पायरी लेखी असायला हवी.

आता गुणांकडे. गुण एकदा जाहीर झाले की पुनर्मूल्यांकनापर्यंत बदलत नाहीत. मग प्रत्येक मुलामागे डेटाबेसला विचारायचेच कशाला? १६ लाख निकालांची पाने आदल्या रात्री तयार करून ठेवता येतात. एक पान ५ केबीचे धरले तर सगळी मिळून ८ जीबी, म्हणजे पेन ड्राइव्हवर मावतील एवढी. ती ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये (नुसत्या फाइली ठेवायच्या ऑनलाइन कोठारात) ठेवून पुढे सीडीएन लावली, की डेटाबेस त्या दिवशी बंद ठेवला तरी चालेल. मात्र फाइलीला आसन क्रमांकाचे नाव देऊ नये. क्रमांक ओळीने असतात. दहा ओळींची स्क्रिप्ट लिहून कुणीही अख्ख्या राज्याचे गुण उतरवून घेईल. आसन क्रमांक, आईचे नाव आणि एक गुप्त किल्ली यांपासून एचएमएसी पद्धतीने (किल्लीशिवाय कुणाला काढता येणार नाही अशा सांकेतिक रीतीने) काढलेले लांबलचक नाव फाइलीला द्यावे. ते नाव काढण्याचा छोटा प्रोग्राम सीडीएनच्या ठिकाणीच चालवता येतो. किल्ली वाचकाच्या ब्राउझरमध्ये जाता कामा नये. आईच्या नावातली मोकळी जागा आणि लहान-मोठी अक्षरे आधी सारखी करून घ्यावीत, नाहीतर बरोबर नाव टाकूनही निकाल ‘सापडत नाही’. आणि सुनीता, संगीता, वैशाली अशी पन्नास नावे आलटून पालटून टाकणारे असतातच, तेव्हा एका आसन क्रमांकावर किती चुकीचे प्रयत्न चालतील याची मर्यादा हवी.

मर्यादेवरून एक गोष्ट ठासून सांगायला हवी. दर मिनिटाला एका आयपी पत्त्यावरून अमुक इतक्याच मागण्या, असा नियम सीडीएनवर लावणे सोपे असते आणि हल्ला झाला की सगळे तोच लावतात. आपल्याकडच्या मोबाइल कंपन्या आयपीव्ही४ वर, म्हणजे पत्ते अपुरे पडणाऱ्या जुन्या पद्धतीत, शेकडो-हजारो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात. अशा नियमात हल्लेखोर सापडतो की नाही माहीत नाही, एखाद्या तालुक्यातली मुले मात्र नक्की सापडतात. शाळेच्या संगणक कक्षाचेही तेच. मर्यादा लावायची तर ती पत्त्यापेक्षा आसन क्रमांकावर किंवा सेशनवर लावावी. सीडीएनवर आयपीव्ही६ ही भरपूर पत्ते असलेली नवी पद्धत चालू ठेवावी. मूळ सर्व्हर आयपीव्ही४ वरच असला तरी वाचकापर्यंत आयपीव्ही६ देता येते आणि मोबाइलवाल्यांची ही गर्दी बरीच पांगते.

निकाल हे एक उदाहरण झाले. देवस्थानांचे दर्शन पास, पतसंस्था, विद्यापीठांचे प्रवेश, दिवाळी अंकांची संकेतस्थळे यांना अडचणी याच आहेत. मराठी मजकुराची आणखी एक गंमत आहे. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट घेते. इंग्रजी अक्षर एकच घेते. म्हणजे पाच हजार चिन्हांचा लेख १५ केबीचा. तो ब्रॉटली किंवा जीझिपने चांगला आवळला जातो, पण ते चालू असेल तर! देवनागरी फॉन्टही जोडाक्षरांमुळे वजनदार असतात. त्यांच्या फाइलींना एक वर्षाची मुदत द्यावी. फॉन्ट वेगळ्या सबडोमेनवरून देत असाल तर ‘अॅक्सेस-कंट्रोल-अलाऊ-ओरिजिन’ हे हेडर विसरू नये, नाहीतर पान येते पण फॉन्ट येत नाही आणि मजकूर भलत्याच वळणात दिसतो. मुंबईतल्या सर्व्हरवरचा अंक न्यू जर्सीत वाचणाऱ्याला फरक तर डोळ्यांनी कळतो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर. फायबरमधून प्रकाश मिलिसेकंदाला २०० किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन येऊन १२५ मिलिसेकंद. केबल वळसे घेत जाते म्हणून प्रत्यक्षात दोनशेच्या आसपास. टीसीपी जोडणीची एक फेरी, टीएलएस १.३ या कुलूपबंद जोडणीची एक आणि पान मागण्याची एक, अशा तीन फेऱ्यांत सहाशे मिलिसेकंदांच्या आसपास जातात आणि तोवर पानाचा पहिला बाइटही आलेला नसतो. प्रत तिकडच्याच शहरात असेल तर हे सगळे काही मिलिसेकंदांत आटोपते.

फेसबुकवर दिलेल्या दुव्याला ‘एफबीसीएलआयडी’ असे शेपूट लागते आणि ते दर वेळी वेगळे असते. सीडीएन पूर्ण पत्ता पाहून प्रत शोधते, म्हणून एकाच लेखाच्या हजार प्रती होतात आणि प्रत्येक पहिली मागणी मूळ सर्व्हरवर जाते. व्हायरल झालेला लेखच नेमका बंद का पडतो, त्याचे कारण कित्येकदा एवढेच असते. अशी शेपटे दुर्लक्षित करण्याचा नियम लिहायला पाच मिनिटे लागतात. हल्लेखोरही हीच फट वापरतात: पत्त्याच्या शेवटी यादृच्छिक आकडे जोडत राहायचे, म्हणजे साठा निरुपयोगी.

पीडीएफ हा सरकारी संकेतस्थळांचा लाडका प्रकार. गुणवत्ता यादीत चूक निघाली, दुरुस्त यादी त्याच नावाने चढवली, कार्यालयातल्या संगणकावर नवी दिसली, काम संपले! आणि नांदेडच्या मुलाला सीडीएनवरची जुनीच दिसते. दुरुस्त फाइलीला नेहमी नवे नाव द्यावे, नावातच तारीख घालावी आणि जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवावे.

सगळ्यात घातक चूक वेगळीच आहे. वेग हवा म्हणून ‘सगळे साठवा’ असा सरसकट नियम लावला जातो. मग लॉगिन करून आत गेलेल्या पहिल्या माणसाचे पान साठवले जाते आणि पुढच्याला तेच मिळते: पहिल्याचे नाव, त्याचा पत्ता, त्याची शिल्लक. सर्व्हर पडला नाही, कुठे लाल दिवा लागला नाही आणि माहिती मात्र फुटली. म्हणून लॉगिन, खाते, पैसे भरणे आणि प्रवेश अर्ज यांचे पत्ते साठवणुकीतून आधी वगळावेत, त्या पानांना ‘प्रायव्हेट, नो-स्टोअर’ असे हेडर मूळ सर्व्हरवरूनच द्यावे, आणि ज्या उत्तरात ‘सेट-कुकी’ (वाचकाची ओळख ठेवणारे हेडर) असेल ते कधीच साठवू नये. फाइलीच्या नावाच्या नुसत्या एक्स्टेन्शनवर (‘.सीएसएस’ म्हणजे स्टाइलशीट) भरवसा ठेवू नये. खात्याच्या पत्त्यापुढे कुणी ‘अबक.सीएसएस’ असे खोटे नाव जोडले आणि सर्व्हरने भाबडेपणाने खात्याचेच पान दिले, तर सीडीएन ते स्टाइलशीट समजून साठवते. हा प्रकार २०१७ पासून सर्वांना माहीत आहे. चाचणी सोपी: दोन वेगळ्या खात्यांनी दोन मोबाइलवर लॉगिन करून प्रत्येक पान उघडून पाहावे आणि मग तिसऱ्या, लॉगिन न केलेल्या ब्राउझरमध्ये तेच पत्ते टाकावेत.

संरक्षणाबद्दल. ऑगस्ट २०२३ मध्ये एचटीटीपी/२ या ब्राउझर-सर्व्हर संवादाच्या पद्धतीतल्या त्रुटीचा वापर करून झालेला हल्ला गुगलने सेकंदाला ३९ कोटी ८० लाख मागण्या इतका मोजला. असे काही कुठल्याही एका सर्व्हरने सोसायचे नसते, ते विखुरलेल्या जाळ्यानेच झेलायचे असते. पण जाळे पुढे असून हल्लेखोराला मूळ सर्व्हरचा पत्ता ठाऊक असेल, तर तो जाळ्याला वळसा घालून थेट मागच्या दाराने येतो. पत्ता फुटतो कुठून? जुन्या डीएनएस नोंदी (डोमेनचा पत्ता कुठला हे सांगणाऱ्या) जपून ठेवणाऱ्या सेवांतून, सर्व्हर हाताळायच्या सीपॅनेल किंवा एफटीपीच्या विसरलेल्या सबडोमेनमधून, आणि सगळ्यात जास्त मेलमधून. मेल त्याच सर्व्हरवर असेल तर एमएक्स, म्हणजे मेलचा सर्व्हर कुठला हे सांगणारी नोंद, पत्ता सांगून टाकते, शिवाय संकेतस्थळाने पाठवलेल्या प्रत्येक ओटीपीच्या मेलच्या हेडरमध्ये तो असतो. म्हणून मेल वेगळीकडे न्यावा, सीडीएन लागल्यावर सर्व्हरचा आयपी बदलून घ्यावा आणि फायरवॉलवर ८० व ४४३ हे पोर्ट (वेबची दारे) फक्त सीडीएनच्या जाहीर पत्त्यांना उघडे ठेवावेत. ते पत्ते अधूनमधून बदलतात. यादी आपोआप ताजी होईल अशी सोय हवी.

नेमसर्व्हर बदलतानाच्या चुका तर ठरलेल्या. जुन्या नोंदींची संपूर्ण यादी आधी काढावी. सीडीएन आपोआप शोधते त्यात काहीतरी राहतेच, बहुधा मेल खरा असल्याची ग्वाही देणाऱ्या एसपीएफ-डीकेआयएमच्या नोंदी, आणि मग संस्थेचे मेल स्पॅममध्ये जायला लागतात. ज्या नोंदी बदलायच्या त्यांचा टीटीएल (नोंद धरून ठेवण्याची मुदत) आदल्या दिवशी ३०० सेकंदांवर आणावा. डीएनएसएसईसी (नोंदींवरची डिजिटल स्वाक्षरी) चालू असेल तर त्या स्वाक्षरीची जुनी डीएस नोंद रजिस्ट्रारकडून, म्हणजे डोमेन जिथे नोंदवले तिथून, आधी काढून तिची मुदत संपू द्यावी. नाहीतर डोमेन काहींना दिसते, काहींना अजिबात नाही, आणि कारण शोधण्यात दिवस जातो. टीएलएसच्या बाबतीत क्लाउडफ्लेअरवरचा ‘फ्लेक्सिबल’ हा पर्याय निवडू नये. त्यात वाचक ते सीडीएन कुलूपबंद आणि सीडीएन ते सर्व्हर उघडे असते. त्यातून मूळ सर्व्हर ‘एचटीटीपीएसवर या’ म्हणून परत पाठवत असेल, तर वळणांची न संपणारी साखळी होऊन पान उघडतच नाही. मूळ सर्व्हरवर वैध प्रमाणपत्र आणि ‘फुल स्ट्रिक्ट’, दुसरे काही नको.

सीडीएन लागली की सर्व्हरच्या नोंदवहीत सगळे वाचक सीडीएनच्याच पत्त्यांवरून आलेले दिसतात. खरा पत्ता वेगळ्या हेडरमध्ये येतो. तो उचलायला वेब सर्व्हरला सांगावे लागते आणि फक्त सीडीएनकडून आलेल्या मागणीतच त्यावर विश्वास ठेवावा लागतो. हे राहिले तर फेल२बॅनसारखा पहारेकरी प्रोग्राम एखाद्या दिवशी सीडीएनलाच हल्लेखोर ठरवून बाहेर काढतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार नोंदी १८० दिवस ठेवायच्या आणि घटना सहा तासांत कळवायची आहे. त्या नोंदींत खरा पत्ताच नसेल तर कळवणार काय?

परदेशी वाहतूक बंद करण्याचा मोहही आवरावा. त्यात दुबईतले पालक जातात. बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) अडवण्याचे नियम सरसकट लावले तर पेमेंट गेटवेचा सर्व्हरही अडतो: भाविकाचे पैसे कापले जातात, पास निघत नाही. गेटवेचा परतीचा पत्ता ‘मी यंत्र नाही’ या परीक्षेतून वगळून तिथे स्वाक्षरी तपासावी.

सीडीएनही पडते. ८ जून २०२१ रोजी फास्टली या सीडीएन कंपनीच्या एका ग्राहकाने केलेल्या साध्या बदलामुळे दडलेला दोष जागा झाला आणि त्यांच्या जाळ्याचा ८५ टक्के भाग चुकीची उत्तरे देऊ लागला. ४९ मिनिटांत ९५ टक्के पूर्ववत झाला. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी क्लाउडफ्लेअरची बॉट ओळखणारी एक फाइल मर्यादेबाहेर फुगली आणि तीनेक तास जगभरची संकेतस्थळे आडवी झाली. म्हणून डोमेनच्या रजिस्ट्रारचा पासवर्ड संस्थेच्या जबाबदार अधिकाऱ्याकडे असावा, कंत्राटदाराच्या मुलाच्या जीमेलवर नव्हे, आणि निकाल डिजिलॉकरसारख्या दुसऱ्या वाटेनेही त्याच मिनिटाला मिळावा.

मंडळे, विद्यापीठे आणि महापालिका यांच्या निविदांत ‘सीडीएनसह होस्टिंग’ एवढीच ओळ नको. साठ्यातून दिलेल्या उत्तरांचे प्रमाण किमान किती, मूळ सर्व्हर बाहेरून थेट उघडता कामा नये, दोन खात्यांची चाचणी लेखी द्यावी आणि साठा पुसायला किती सेकंद लागतात ते दाखवावे, ही कलमे घालावीत. रंगीत तालीम कार्यालयाच्या वायफायवरून नको. जिओ, एअरटेल आणि बीएसएनएलच्या मोबाइलवर, मुंबई-पुण्याबाहेरून ती घ्यावी. क्लाउडफ्लेअर असेल तर डोमेनपुढे ‘/सीडीएन-सीजीआय/ट्रेस’ हे रोमन अक्षरांत टाकले की ‘कोलो’ या ओळीत विमानतळाचा संकेत दिसतो. मुंबईचा दिसला तर ठीक. गडचिरोलीतल्या मोबाइलवर सिंगापूरचा दिसला तर कंत्राटदाराला तिथेच थांबवावे.

आणि एक विनंती आपल्या वार्ताहरांना. पुढच्या वेळी ‘प्रचंड भार आला’ असा खुलासा आला, की तीन आकडे मागावेत: एकूण मागण्या किती आल्या, त्यांतल्या किती सीडीएनने परस्पर भागवल्या आणि मूळ सर्व्हरपर्यंत किती पोहोचल्या. हे आकडे सीडीएनच्या डॅशबोर्डवर असतात, काढायला दोन मिनिटे लागतात.

आपले,
संकेतस्थळांच्या देखभालीत असलेले काही वाचक, पुणे